सर्जनशील कामासाठी खेळाडूचं वेळापत्रक : सराव, भार आणि विश्रांतीचा हिशेब

लिहिणाऱ्यांना, चित्र काढणाऱ्यांना, चाली बांधणाऱ्यांना ‘खेळाडूंकडून शिका’ असं सांगितलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा जिद्द, घाम आणि पहाटे उठणं एवढंच पुढे केलं जातं. पोस्टरवर ते शोभतं. पण एखाद्या चांगल्या धावपटूची सरावाची वही उघडली तर तिच्यात जिद्दीबद्दल अवाक्षरही सापडत नाही. अंतर, वेळ, किती जोर लागला, झोप किती झाली, उद्या काय हलकं ठेवायचं, पुढच्या आठवड्यात किती वाढवायचं, असले रुक्ष तपशील असतात. जिद्द आहे हे गृहीतच असतं. ती कुठे आणि किती खर्च करायची, याचा हिशेब वहीत मांडलेला असतो.

सर्जनशील कामात हा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही. त्यामुळे काहीजण सहा आठवडे झपाटल्यासारखे काम करतात आणि पुढचे तीन महिने कागदाकडे बघवत नाही. काहींचं काम रोज नेमाने चालतं, पण दहा वर्षांपूर्वीचे दोष आजही तसेच असतात. पहिल्यांचं भाराचं गणित चुकलेलं असतं, दुसऱ्यांच्या दिनक्रमात सरावच नसतो. या दोन्हींवर खेळाच्या प्रशिक्षणात बरीच पक्की उत्तरं आहेत आणि ती टेबलावर बसून करायच्या कामालाही लावता येतात. काही लावता येत नाहीत, त्यांबद्दल पुढे.

सराव वेगळा, सामना वेगळा

फलंदाज नेटमध्ये शंभर चेंडू खेळतो, त्यातली एकही धाव कुठे नोंदली जात नाही. लेखक मात्र जे लिहितो ते सगळं ‘खरं’ लिहितो. प्रत्येक परिच्छेद कथेत जाणार, प्रत्येक रेखाटन ग्राहकाला दाखवायचं, म्हणजे रोजच सामना. आणि सामन्यात माणूस नवं काही शिकायला जात नाही, जमतं तेच वापरतो. गायक-वादकांना हे सांगावं लागत नाही, रियाज आणि मैफल यांतला फरक त्यांच्या तालमीतच मुरलेला असतो. लेखक, चित्रकार, डिझायनर, संकलक यांच्या दिनक्रमात रियाजाची जागा बहुधा रिकामी असते.

सराव म्हणजे जास्त काम करणं, हा दुसरा गैरसमज. 1998 साली ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात येणार होता आणि शेन वॉर्न लेग स्टंपबाहेरच्या खरखरीत पट्ट्यात चेंडू टाकून अडचणीत आणणार, हे उघड होतं. सचिन तेंडुलकरने माजी कसोटीपटू लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना राउंड द विकेट येऊन त्याच पट्ट्यात चेंडू टाकायला सांगितलं आणि त्या एका प्रश्नाची तयारी केली. चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात तो वॉर्नच्याच गोलंदाजीवर 4 धावांवर बाद झाला. दुसऱ्या डावात नाबाद 155. पहिल्या डावातलं अपयश इथे मुद्दाम सांगतो आहोत, कारण नेमका सराव केला तरी फळ पहिल्याच दिवशी मिळेल असं नसतं.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध केला. ‘10 हजार तास सराव केला की प्रावीण्य येतं’ ही जगभर पसरलेली समजूत त्यातूनच निघाली. प्रत्यक्षात तो आकडा सर्वोत्तम गटाच्या वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या एकट्याने केलेल्या रियाजाची सरासरी होता, पार करायचा उंबरठा नव्हे. तासांपेक्षा उपयोगी आहे ते सरावाचं वर्णन : लक्ष्य अरुंद असावं, आज जमतं त्याच्या थोडं पुढे असावं, चुकलं की बरोबर हे लगेच कळावं, आणि दुरुस्त करून पुन्हा करता यावं. यातली तिसरी अट सर्जनशील कामात सर्वांत अवघड, कारण इथे स्टंप उडत नाहीत. म्हणून सरावाची रचना करताना निकाल कसा कळणार, हे आधी ठरवावं लागतं.

शेवटच्या पाच पूर्ण झालेल्या कामांपासून सुरुवात करा. हातात पेन्सिल घ्या आणि जिथे काम सैल पडलं आहे तिथे फक्त खूण करा. दुरुस्तीचा मोह आवरा. पाचांपैकी तिघांत दिसणारा दोष हा या महिन्याचा विषय. एकच. मग त्यावर 20 ते 25 मिनिटांत संपणारा व्यायाम बसवा.

समजा तुमच्या कथांतली सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. दोन पात्रांचा 20 ओळींचा संवाद लिहा, प्रत्येकाच्या 10 ओळी. नावं नाहीत, ‘तो म्हणाला’ नाही. ओळी सुट्या करा, क्रम पिसा आणि कुणाला तरी विचारा की कुठली ओळ कुणाची. डोळे मिटून सांगितलं तरी साधारण 10 बरोबर येतील, तेव्हा 16 च्या खाली आकडा आला तर आवाज अजून वेगळे झालेले नाहीत. चित्रकाराला माणसाचे हात काढणं जमत नसेल तर छायाचित्रावरून एकेका मिनिटाची 20 रेखाटनं आणि प्रत्येकानंतर लगेच मूळ छायाचित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून पडताळणी. पाचव्या-सहाव्या रेखाटनाला चूक कुठे होते ते दिसू लागतं, अंगठ्याचा सांधा बहुतेकांचा वर चढतो. संगीतकाराने त्याच दोन ओळींना चार चाली लावाव्यात, प्रत्येक वेळी वेगळ्या स्वरावरून आणि वेगळ्या मात्रेवरून उचलून, आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी ऐकावं. त्याच दिवशी ऐकलं तर शेवटची चालच चांगली वाटते. संकलकाने तीन मिनिटांचं दृश्य दोन मिनिटांवर आणावं, मग सव्वा मिनिटावर, आणि ते न पाहिलेल्या माणसाला दाखवून काय कळलं ते विचारावं.

इथे तीन ठिकाणी गाडी घसरते. पहिलं, व्यायामातून काहीतरी झकास निघतं आणि ते खऱ्या कामात वापरायचा मोह होतो. एकदा तसं केलं की पुढच्या वेळेपासून व्यायामही जपून, सावरून होतो, म्हणजे पुन्हा सामनाच. जे निघालं ते एका फोल्डरमध्ये टाका आणि महिना संपेपर्यंत उघडू नका. दुसरं, काठिण्य चुकतं. दहापैकी नऊ वेळा जमत असेल तर व्यायाम अवघड करा, निम्म्याहून कमी वेळा जमत असेल तर सोपा. तिसरं, रोज तोच व्यायाम त्याच पद्धतीने होतो. कर आणि बूथ या संशोधकांनी 1978 मध्ये लहान मुलांकडून छोट्या पिशव्या लक्ष्यावर फेकून घेतल्या. एका गटाने फक्त 3 फुटांवरून सराव केला, दुसऱ्याने 2 आणि 4 फुटांवरून. चाचणी 3 फुटांवरून झाली आणि त्या अंतरावरून कधीच न फेकलेला दुसरा गट सरस ठरला. संवादाच्या व्यायामात आज भांडण, उद्या दुकानातला व्यवहार, परवा फोन, अशी पालट ठेवायची ती याचसाठी.

किती वेळ द्यायचा? शिकाऊ माणसाने निम्मा. ज्याचं काम बाजारात चालतं आहे त्याने आठवड्याच्या एक पंचमांशाच्या आसपास. पाच तास मिळत असतील तर एक तास, तोही दोन-तीन तुकड्यांत.

भार मोजायचा कसा

शरीर सरावाच्या वेळी सुधारत नाही, सुधारणा नंतरच्या विश्रांतीत होते. भार पडला की क्षमता आधी घसरते, मग भरून येते आणि पुरेशी उसंत मिळाली तर पूर्वीपेक्षा थोडी वर जाते. पुढचा भार फार लवकर आला तर घसरण साचत जाते, फार उशिरा आला तर कमावलेलं विरून जातं. म्हणून प्रशिक्षक रोज पडलेला भार बघतो. लिहिणारे-रेखाटणारे बघतात ते फक्त उत्पादन : किती शब्द, किती फ्रेम. सहज आलेले 1,500 शब्द आणि नखं लावून ओढलेले 400 शब्द यांत माणसाला निचोडून काढतो तो दुसरा दिवस, पण नोंदीत तो आळसाचा दिसतो.

यावर क्रीडाशास्त्रातला एक सोपा उपाय आहे. श्रमाची जाणीव आकड्यात सांगायची पट्टी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केली. अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी तिचं 0 ते 10 असं रूप घेऊन एक गुणाकार सुचवला : सत्राची मिनिटं गुणिले जोराचा आकडा. सर्जनशील कामासाठी ही पट्टी अशी लावता येते. फायली लावणं, नावं देणं म्हणजे 2. संदर्भ वाचून टिपणं काढणं 3. ठरलेल्या आराखड्यानुसार पुढे जाणं 5. नवा प्रसंग पहिल्यांदाच उभा करणं 7. सगळी रचना डोक्यात धरून ती मोडून पुन्हा बांधणं 9. आकडा सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने लिहा, कारण शेवटची पाच मिनिटं कशी गेली त्याचा रंग साऱ्या सत्रावर चढतो आणि तो उतरायला तेवढा वेळ लागतो.

एक आठवडा मांडून पाहू. सोमवारी 90 मिनिटं जोर 7, म्हणजे 630. मंगळवारी 60 मिनिटं जोर 3, म्हणजे 180. बुधवारी 80 गुणिले 8, म्हणजे 640. गुरुवारी पुन्हा 180. शुक्रवारी 90 गुणिले 6, म्हणजे 540. शनिवारी 45 मिनिटं जोर 2, म्हणजे 90. रविवारी शून्य. बेरीज 2,260. हा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून काहीच कळत नाही, तुमचा 7 आणि त्याचा 7 वेगळे. स्वतःच्या मागच्या आठवड्यांशी मात्र तो छान ताडता येतो.

पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद करा. मग वाढ आठवड्याला साधारण 10 टक्क्यांच्या आत ठेवा. धावपटूंमध्ये रूढ असलेला हा ठोकताळा आहे, नियम नव्हे, पण अतिउत्साहाला लगाम म्हणून उपयोगी पडतो. 2,260, मग 2,450, मग 2,650, आणि चौथ्या आठवड्यात झटक्यात निम्म्यावर, 1,300 च्या आसपास. हा चौथा आठवडा सगळ्यांना खुपतो, कारण तोवर काम रंगात आलेलं असतं. रंगात आलेलं असतानाच तो घ्यायचा. काम पूर्ण अडल्यावर घेतलेल्या सुट्टीला खेळात दुखापत म्हणतात.

हिशेबात हमखास सुटणारी एक गोष्ट म्हणजे पोटापाण्याचं काम. दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर सुधारून संध्याकाळी स्वतःची कादंबरी लिहायला बसणारा माणूस एकाच स्नायूवर दोनदा भार टाकत असतो. ते आठ तास बेरजेत धरले नाहीत तर ‘फक्त 45 मिनिटं तर लिहितो, तरी का थकतो’ हे कोडं सुटत नाही. अशा माणसाने जड सत्र सुट्टीच्या सकाळी ठेवावं आणि कामाच्या दिवशी हाताने करायचं, ऐकायचं किंवा चालत करायचं काही घ्यावं.

जड दिवस खरंच जड, हलके खरंच हलके

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी लांब पल्ल्याच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. धावणं, नौकानयन, बर्फावरचं स्कीइंग, सगळीकडे साधारण एकच चित्र दिसलं : सुमारे 80 टक्के सत्रं हलक्या जोराची आणि उरलेली फार जोराची. हौशी धावपटू बहुतेक वेळा मधेच रेंगाळतात. हलक्या दिवशी जरा जास्त पळतात, म्हणून जड दिवशी जोर उरत नाही.

80 आणि 20 हे आकडे जसेच्या तसे उचलू नका, मधल्या पट्ट्याचा धोका मात्र जरूर उचला. सर्जनशील कामात हा मधला पट्टा कसा दिसतो ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. फाईल उघडी, फोन हातात, एक वाक्य बदललं, निरोप पाहिला, वाक्य पूर्ववत केलं, तीन तास गेले. ना धड काम, ना धड आराम. भाराच्या वहीत हे 180 मिनिटं गुणिले 4, म्हणजे तब्बल 720 भरतात, बुधवारच्या कसून केलेल्या सत्रापेक्षा जास्त. थकवा खरा असतो, हाती मात्र काही लागत नाही.

आठवड्यात दोन किंवा तीन जड सत्रं, लागोपाठच्या दिवशी नाहीत, प्रत्येकी 60 ते 90 मिनिटांची. बर्लिनचे ते उत्तम व्हायोलिनवादकही साधारण याच लांबीच्या तुकड्यांत, मधे विश्रांती घेऊन रियाज करत, दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास, आणि दुपारी डुलकी काढत. जड सत्रात एकच काम, एकच खिडकी, फोन दुसऱ्या खोलीत. हलक्या दिवसांना संदर्भ शोधणं, वाचन, टंकन, रंगांचे नमुने करून ठेवणं, जुन्या टिपणांची झाडाझडती, वर सांगितलेले सोपे व्यायाम. हलक्या दिवशी अचानक भरतं आलं तर? दहा मिनिटांत मुद्दे लिहून ठेवा आणि थांबा. पुढच्या जड दिवसाला ते सरपण होईल.

चुकलेलं सत्र भरून काढू नका. सोमवारचं जड सत्र बुडालं म्हणून मंगळवारी दोन करणारा गुरुवारी रिकामा असतो. बुडालं ते बुडालं, वेळापत्रक पुढे चालू. आणि हे वेळापत्रक त्या दिवशीच्या मूडवर ठरवू नये. खेळाडूला हे सोपं जातं, कारण ठरवणारा प्रशिक्षक वेगळा असतो. तुमच्याकडे तो नसेल तर कामं वाटून घ्या. रविवारी रात्री 15 मिनिटं तुम्ही प्रशिक्षक : वही बघायची, पुढचे सात दिवस लिहून काढायचे. सोमवार ते शनिवार तुम्ही फक्त खेळाडू, वाद घालायचा नाही. योजना चुकली असेल तर तक्रार वहीत लिहा आणि रविवारी प्रशिक्षकासमोर ठेवा.

वॉर्मअप आणि थांबण्याची जागा

धावपटू थंड अंगाने पूर्ण वेगात सुटत नाही. लिहिणारा मात्र खुर्चीत बसताक्षणी सर्वांत अवघड वाक्याला भिडतो आणि आज काही सुचत नाही म्हणून उठतो. 12 मिनिटं पुरतात. तीन मिनिटं चालणं, मान-खांदे मोकळे करणं. चार मिनिटं हाताला वळण : लेखकाने कालचं शेवटचं पान हाताने उतरवून काढावं, चित्रकाराने सरळ रेघा आणि लंबवर्तुळं ओढावीत. पाच मिनिटं त्याच कामातली एखादी किरकोळ डागडुजी. मग जड काम. क्रम रोज तोच, म्हणजे तो निवडण्यात डोकं खर्च होत नाही. या 12 मिनिटांत निरोप वाचणं बसत नाही. वॉर्मअप लक्ष एका जागी आणतो, निरोप ते उधळतात.

थांबण्यालाही पद्धत हवी. पुढची पायरी माहीत असताना थांबा आणि ती दोन ओळींत लिहून ठेवा : ‘उद्या : ती दार उघडते तिथून. पत्राचा उल्लेख अजून करायचा नाही.’ शेवटचा थेंब निघेपर्यंत लिहिलं की दुसऱ्या दिवशीची सुरुवात कोऱ्या पानापाशी होते.

नेहमीच्या अडथळ्यांसाठी ‘जर–तर’ आधीच लिहून ठेवणं हा मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी बारकाईने अभ्यासलेला उपाय. ‘जास्त लक्ष देईन’ असा निश्चय निरुपयोगी. ‘जर एका वाक्यावर दहा मिनिटं गेली तर चौकटी कंसात काय हवं ते लिहीन आणि पुढच्या वाक्यावर जाईन’ हे उपयोगी, कारण ऐन वेळी ठरवायला काही उरत नाही.

विश्रांती ही नेमणूक आहे

1954 च्या वसंतात इंग्लिश धावपटू रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल पळण्याच्या तयारीत होता. 440 यार्डांच्या, म्हणजे पाव मैलाच्या, दहा धावा, मधे थोडी उसंत, असा त्याचा सराव होता. प्रत्येक धाव 61 सेकंदांवर आली आणि तिथेच अडली. कितीही रेटलं तरी 60 च्या खाली जाईना. तेव्हा तो सहकारी धावपटू ख्रिस ब्रॅशरबरोबर काही दिवस स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला, धावणं पूर्ण बंद. परतल्यावर त्याच धावा 59 वर आल्या. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याने 3 मिनिटं 59.4 सेकंदांत मैल पुरा केला.

अडल्यावर आणखी रेटायचं की सोडायचं, हे कळायला एक चाचणी आहे. वॉर्मअप पूर्ण करा. त्यानंतर काम थोडं सुसह्य वाटलं तर तो आळस होता किंवा भीती, पुढे चला. वॉर्मअपनंतरही जास्त जड वाटतं आणि सलग तीन जड सत्रांत तसंच झालं, तर तो साचलेला थकवा आहे. त्याची आणखी लक्षणं : मागच्या आठवड्यात आवडलेलं कामही आता टाकाऊ दिसतं, एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा घासला जातो, फॉन्ट निवडण्यासारख्या क्षुल्लक निर्णयाला अर्धा तास लागतो, झोप मोडते, माणसांवर विनाकारण चिडचिड होते. यावर तीन दिवस पूर्ण बंद, मग आठवडाभर निम्मा भार. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही आणि झोप-भूक बिघडलेलीच राहिली, तर डॉक्टरांना भेटायची वेळ झाली.

झोपेबद्दल एकच उदाहरण पुरे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या 11 खेळाडूंना काही आठवडे रात्री 10 तास अंथरुणात घालवायला सांगितलं गेलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या फ्री थ्रोची अचूकता 9 टक्क्यांनी वाढलेली दिसली, नेम धरण्याचा वेगळा सराव न वाढवता. डेडलाइनच्या आठवड्यात सर्वांत आधी कात्री लागते ती झोपेलाच.

डेडलाइनच्या आधीचे दोन आठवडे

शर्यत जवळ आली की खेळाडू सराव कमी करत नेतात. त्याला टेपरिंग म्हणतात. अनेक अभ्यास एकत्र करून 2007 मध्ये लॉरेंट बॉस्के आणि सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा : दोन आठवडे, सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी खाली, पण जोर आणि सत्रांची संख्या तीच. म्हणजे रोजचं धावणं चालू, वेगही तोच, अंतर निम्मं. सर्जनशील माणसं नेमकं उलटं करतात. दोन आठवडे आधी गती धरतात आणि शेवटच्या दोन रात्री जागून काढतात. त्या रात्री जे लिहिलं जातं तेच सर्वांत जास्त थकलेल्या डोक्याने लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो कामाचा शेवट असतो, वाचकाच्या मनात राहणारा भाग.

हे टाळायला तारखेपासून मागे मोजत या. 14 दिवस आधी नवा मजकूर, नवी दृश्यं, नवी चाल बंद. जे नाही ते नाही. तिथून 5 दिवस आधीपर्यंत सत्रं रोजच्या वेळेला, पण 90 ऐवजी 40 मिनिटांची, पूर्ण जोराची आणि एका बैठकीत एकाच प्रश्नाची : आज फक्त सुरुवात, उद्या फक्त वेळेचे संदर्भ, परवा मोठ्याने वाचन. शेवटचे पाच दिवस फक्त शुद्धलेखन, फाईलचा आकार, नावं, परवानग्या. शेवटच्या दिवशी राखीव वेळ ठेवा, कारण फाईल न उघडणं किंवा प्रिंटचा रंग वेगळा येणं यांसारख्या गोष्टी त्याच दिवशी होतात. रंगमंचावर जाणाऱ्यांना हे जास्तच लागू. आदल्या दिवशी संपूर्ण प्रयोग दोनदा करण्यापेक्षा अवघड जागा पूर्ण ताकदीने एकदा करून घरी जावं.

प्रत्यक्ष सामन्यात

2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तेंडुलकर ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर ड्राइव्ह करताना बाद होत होता. जानेवारी 2004 मध्ये सिडनी कसोटीत त्याने कव्हर ड्राइव्ह जवळपास बंदच ठेवला आणि 436 चेंडूंत नाबाद 241 केल्या. चेन्नईच्या गोष्टीशेजारी ही ठेवली की मुद्दा पुरा होतो. दोष सरावात दुरुस्त करायचा. सामन्यात तो दुरुस्त करत बसायचं नाही, तो फटका त्या दिवसापुरता बाजूला ठेवायचा. वर्णनं फसत असतील तर हातातली कथा वर्णनांवर उभी करू नका, संवाद आणि कृतीवर न्या, आणि वर्णनांचा व्यायाम महिनाभर स्वतंत्र करा. खऱ्या कामात दोषाशी झटापट करणाऱ्याचं काम तर बिघडतंच, दोषही जात नाही.

उद्दिष्टांचीही पातळी ठरवावी लागते. पुरस्कार, खप, निवड ही निकालाची उद्दिष्टं दुसऱ्यांच्या हातात असतात. ‘पहिला खर्डा 60 पानांत’ हे कामगिरीचं उद्दिष्ट बरंचसं तुमच्या हातात. ‘आजच्या 80 मिनिटांत मागे वळून एकही ओळ खोडायची नाही’ हे प्रक्रियेचं उद्दिष्ट पूर्णपणे तुमच्या हातात. वर्षाच्या पानावर पहिल्या प्रकारचं एक असू द्या. रोजच्या पानावर फक्त तिसरं.

काम पाठवल्यावर परीक्षण लगेच नको आणि महिन्याने नको. तीन-चार दिवसांनी अर्धा तास पुरतो. योजनेतलं काय झालं, काय झालं नाही, आणि पुढच्या महिन्याच्या व्यायामाचा विषय कोणता, एवढंच लिहा. ‘मी लेखक म्हणून कसा आहे’ हा प्रश्न परीक्षणात येत नाही, तो आला की परीक्षण थांबवा. त्यानंतर दोन आठवडे मोकळे. मोठी शर्यत झाल्यावर धावपटू असाच काळ घेतात. मोठं काम संपल्यावर येणाऱ्या पोकळीला घाबरून लगेच दुसरं हाती घेण्याची घाई बहुतेकांना नडते.

खेळाचं गणित चालत नाही तिथे

खेळात नियम आधीच लिहिलेले असतात आणि घड्याळ खोटं बोलत नाही. सर्जनशील कामात नियम कामागणिक बदलतात आणि चांगलं काम वेगळं पडतं म्हणूनच चांगलं ठरतं. त्यामुळे आकडेवारी भारासाठी ठेवा, दर्जासाठी नको. रोजच्या शब्दसंख्येचा विक्रम मोडायच्या नादात वाक्यं फुगतात, हे कुठल्याही संपादकाला विचारा.

दुसरं, सर्वोत्तम काम कधी निघेल ते ठरवता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डीन सायमन्टन यांनी शास्त्रज्ञ आणि कलावंतांच्या कारकिर्दी तपासून मांडलेला निष्कर्ष असा की, एकूण कामातलं उत्तम कामाचं प्रमाण कारकीर्दभर साधारण सारखंच राहतं. ज्या काळात जास्त काम होतं, त्याच काळात जास्त चांगलं आणि जास्त सुमारही होतं. धावपटू वर्षातल्या एका दिवसासाठी शिखर गाठायची योजना करू शकतो. चित्रकाराने संख्या टिकवावी आणि पुरी झालेली कामं सोडत जावीत, हेच त्याच्यासाठी शहाणपणाचं.

तिसरं, हेतुशून्य खेळ. सगळा आठवडा सत्रांनी भरला तर नवी कल्पना शिरायला फट राहत नाही. वहीत न नोंदायचे दोन-तीन तास ठेवा, ज्यांत काहीही करा, पण त्याचा भार मोजू नका.

खंड पडल्यावर परतताना मात्र खेळाचा नियम तंतोतंत पाळा. आजारपण, परीक्षा, घरातली अडचण, कारण काहीही असो, महिनाभराच्या खंडानंतर पहिला आठवडा जुन्या भाराच्या निम्म्यावर सुरू करा, जोर 5 च्या वर नको. पहिली दोन सत्रं फक्त जुनं वाचणं आणि पान उतरवून काढणं. दुसऱ्या आठवड्यात एक जड सत्र, तेही 45 मिनिटांचं. तिसऱ्यात दोन. पहिल्याच दिवशी खंड भरून काढायला बसलात तर चार दिवसांत पुन्हा खंड पडतो, आणि तो दुसरा खंड सहसा पहिल्यापेक्षा लांबतो.